सराव म्हणजे शर्यत नव्हे: आइल ऑफ मॅनच्या खुल्या रस्त्याचं प्रकरण (१९११ ते १९२८)

७ जून १९२७. टूरिस्ट ट्रॉफी, म्हणजे टीटी शर्यतीच्या सरावाचे दिवस. कर्क मायकेल गाव संपल्यावर लागणाऱ्या रेन्कलनच्या वळणात आर्ची बर्किन हा तरुण रायडर मॅकइव्हॉय मोटरसायकलवरून वेगात शिरला. रस्त्यावर मासळीची व्हॅन होती. ती चुकवण्याच्या प्रयत्नात अपघात झाला आणि बर्किनचा जीव गेला.

व्हॅन तिथे असण्यात काही बेकायदा नव्हतं, कारण रस्ता रहदारीला खुला होता. बर्किन तिथे वेगात असण्यातही कोणाला वावगं वाटत नव्हतं. सराव खुल्या रस्त्यावरच व्हायचा, अगदी सुरुवातीपासून. शर्यतीच्या दिवशी रस्ता बंद आणि सरावाच्या दिवशी खुला, अशी व्यवस्था सगळ्यांनी मान्य केलेली होती. रायडरांनी, आयोजकांनी, बेटावरच्या लोकांनी, कारखानदारांनी, सगळ्यांनीच. पुढच्या वर्षापासून सरावासाठीही रस्ते बंद होऊ लागले.

जुन्या मोटरसायकल शर्यतींबद्दल वाचताना अपघातांच्या याद्या खूप सापडतात. मला त्यांतून हे एक प्रकरण वेगळं काढावंसं वाटलं, कारण इथे धोका डोंगरात नव्हता, धुक्यात नव्हता, यंत्रातही नव्हता. तो वेळापत्रकात आणि कागदावर होता. यंत्र सुधारायला वर्षं लागतात, डोंगर तर हलवताच येत नाही, पण रस्ता दोन-तीन तास बंद ठेवता येतो. तरीही सगळ्यांत सोपा असलेला हा उपाय डोंगरावरच्या मार्गावर यायला १९११ पासून १९२८ पर्यंतचा काळ जावा लागला. तो का लागला, हे या लेखात पाहायचं आहे.

बेटावर शर्यत गेली कशी

ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कायद्याने वेगमर्यादा ताशी २० मैल, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर ठेवली होती. सार्वजनिक रस्ता शर्यतीसाठी बंद करायची सोय तिथे नव्हती. आयरिश समुद्रातलं आइल ऑफ मॅन ब्रिटिश राजसत्तेच्या छत्राखाली असलं तरी त्याचे कायदे टिनवाल्ड ही त्याची स्वतःची संसद करते. टिनवाल्डने १९०४ मध्ये कायदा करून मोटारींच्या गॉर्डन बेनेट चषकाच्या निवड चाचणीसाठी रस्ते बंद करायला परवानगी दिली. मोटरसायकलवाले त्याच दारातून आत आले.

पहिली टीटी २८ मे १९०७ रोजी झाली. सेंट जॉन्सजवळच्या सुमारे १५.८ मैलांच्या मार्गावर दहा फेऱ्या आणि २५ रायडर. नावात ‘टूरिस्ट’ होतं आणि नियमही तसेच होते. मडगार्ड हवं, सायलेन्सर हवा, आणि पेट्रोल मोजून मिळणार. एका सिलिंडरच्या गाडीला गॅलनला ९० मैल पडले पाहिजेत, म्हणजे लिटरला जवळजवळ ३२ किलोमीटर. आपल्याकडे आजही गाडी घेताना पहिला प्रश्न ‘ॲव्हरेज किती देते?’ असाच असतो, त्यामुळे या नियमामागचा विचार मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. एक सिलिंडरच्या गटात मॅचलेसवर चार्ली कॉलियर ताशी सरासरी ३८.२१ मैलांनी (६१.५ किमी) जिंकला. दोन सिलिंडरच्या गटात प्यूजो इंजिन बसवलेल्या नॉर्टनवर रेम फाउलर जिंकला, ३६.२२ मैलांनी.

आकडे आज किरकोळ वाटतात. मात्र रस्ता खडीचा होता, डांबराचा नव्हता. धूळ इतकी की समोरचा दिसू नये. पडलेल्या नालांचे खिळे सगळीकडे. त्या काळचे टायर रिमच्या कडेत नुसत्या हवेच्या दाबाने अडकून बसत, त्यामुळे पंक्चर झालं की टायर नुसता बसत नसे, रिमवरून निघून जायचा. इंजिनची ताकद चामड्याच्या पट्ट्याने मागच्या चाकाला जाई. पाऊस लागला की पट्टा घसरे. ब्रेक म्हणजे रिमवर किंवा पट्ट्याच्या पुलीवर दाबला जाणारा एक ठोकळा. इंजिनला तेल द्यायचं तर टाकीजवळचा पंप हाताने दाबायचा, म्हणजे दर काही मैलांनी एक हात हँडलवरून निघणार. फाउलरला त्या शर्यतीत वाटेत प्लग बदलावे लागले, पट्टा दुरुस्त करावा लागला आणि पुढचा टायर फुटून तो वेगात पडलाही. तरी तो उठला आणि जिंकला. अशा गोष्टींचं कौतुक होणं स्वाभाविक आहे. याच कौतुकातून ‘पडणं हा खेळाचा भाग’ ही समजूत घट्ट होत गेली, असं मला वाटतं.

१९११: डोंगरावर

१९११ मध्ये आयोजक ऑटो-सायकल युनियनने शर्यत मोठ्या मार्गावर नेली. डग्लस शहरातून निघायचं, बॅलाक्रेनला उजवीकडे वळायचं, ग्लेन हेलनच्या झाडीतून कर्क मायकेल, बॅलॉ आणि सल्बी करत उत्तरेच्या रॅम्सीला पोहोचायचं. तिथून समुद्रसपाटी सोडून स्नेफेल डोंगराच्या अंगाने चारशे मीटरच्या वर चढायचं आणि केपल गेट, क्रेग-नी-बा करत परत डग्लसला उतरायचं. एक फेरी ३७.५ मैलांची, म्हणजे ६० किलोमीटर. पुण्याहून लोणावळ्यापर्यंत जाण्याएवढं अंतर, दगडी कुंपणांच्या मधून. डोंगरावरचा रस्ता म्हणजे मेंढ्यांच्या कुरणातली गाडीवाट होती, आणि मेंढ्या भटकू नयेत म्हणून तिच्यावर आडवी फाटकं होती. ‘केपल गेट’ या नावातलं गेट ते हेच.

मार्ग बदलण्यामागे तांत्रिक कारण होतं. सपाटीवर एका गिअरची, पट्ट्याची गाडी चालून जाई. डोंगर आला की गिअर लागणारच, आणि कारखान्यांनी ते बनवावेत अशी युनियनची इच्छा होती. निकाल त्याप्रमाणेच लागला. अमेरिकन ‘इंडियन’ कंपनीच्या, चेन आणि दोन गिअर असलेल्या गाड्यांनी सीनियर, म्हणजे मोठ्या इंजिनांच्या, शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक घेतले. ऑलिव्हर गॉडफ्री ताशी ४७.६३ मैलांनी (७६.७ किमी) जिंकला. कॉलियर रस्त्यावर दुसरा आला होता, पण नियमाबाहेर पेट्रोल भरल्यामुळे त्याला बाद केलं. ब्रिटिश कारखान्यांना ही चपराक बसली आणि गिअरबॉक्सच्या कामाला वेग आला. शर्यतीतून यंत्र सुधारतं हा दावा इथे खरा ठरला, हे मान्य करायलाच हवं.

त्याच वर्षी, शर्यत होण्याआधी, २७ जून १९११ रोजी सरावात ग्लेन हेलनजवळ व्हिक्टर सरिज हा रज कंपनीचा रायडर मेला. टीटीतला हा पहिला मृत्यू. सरिज नवखा नव्हता. त्याच वर्षी ब्रुकलँड्सच्या काँक्रीट ट्रॅकवर एका तासात ६० मैलांहून अधिक अंतर कापण्याचा विक्रम त्याने केला होता. ब्रुकलँड्सचा ट्रॅक रुंद आणि उतरत्या काठांचा, तिथे समोरून कोणी येत नाही. ग्लेन हेलनला दोन्ही बाजूंना बांध, वर झाडी आणि पुढचं वळण दिसत नाही. वेगाचा विक्रम केलेला माणूस अशा रस्त्यावर सुरक्षित असतो असं नाही. रस्ता ओळखीचा व्हायला वेळ लागतो, आणि तो ओळखीचा करून घेण्यासाठीच सराव असतो.

सरिजच्या मृत्यूत समोरून आलेल्या गाडीचा हात होता असं मला म्हणायचं नाही. तरी या मृत्यूने एक गोष्ट पहिल्याच वर्षी दाखवून दिली: जीव शर्यतीच्या दिवशीच जातो असं नाही. सरावात माणूस वळणं शिकत असतो, म्हणजे त्याला ती अजून येत नसतात. गाडीची जुळवाजुळव चालू असते, म्हणजे ती अजून नीट जुळलेली नसते. त्यात पहाटेचा अंधूक प्रकाश आणि ओलसर रस्ता. याच्या जोडीला खुली रहदारी ठेवणं म्हणजे सगळ्यांत कच्च्या क्षणी सगळ्यांत जास्त अनिश्चितता रस्त्यावर सोडणं. १९११ च्या जूनमध्ये हे दिसलं असतं. कोणी तसं पाहिलं नाही.

१९१३ आणि १९१४: दोन मृत्यू, एक हेल्मेट

१९१३ च्या सीनियर शर्यतीत फ्रँक बेटमन, तोही रजचा रायडर, केपल गेटकडून क्रेग-नी-बाच्या उतारावर पडला आणि वारला. डोंगर उतरताना गाडी आपल्या सर्वोच्च वेगाला पोहोचते आणि त्या काळचे ब्रेक तिथे जवळपास निरुपयोगी. यापुढे त्या अपघाताबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

१९१४ चं वर्ष मात्र सावकाश वाचण्यासारखं आहे.

ब्रुकलँड्सचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एरिक गार्डनर यांच्या लक्षात आलं होतं की दर पंधरा दिवसांनी एखादा मोटरसायकलवाला डोक्याला मार लागून त्यांच्यापुढे येतोच. तोवर रायडर कापडी टोपी उलटी घालत, नाहीतर मऊ चामड्याची टोपी. गार्डनर लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या मॉस नावाच्या कारागिराकडे गेले आणि कॅनव्हासवर लाखेचे थर चढवून त्यांनी कडक टोप बनवून घेतला. मार सोसेल इतका तो कठीण हवा होता, आणि कुठे आपटला तर अडकून न बसता घसरून जाईल इतका गुळगुळीत. दुसरी अट मला फार शहाणपणाची वाटते. डोकं एखाद्या कोपऱ्यात अडकलं की मान पिरगळू शकते.

ऑटो-सायकल युनियनने सुरुवातीला ही कल्पना धुडकावली. पुढे मत बदललं आणि १९१४ च्या टीटीसाठी हेल्मेट सक्तीचं झालं. गार्डनर स्वतः ९४ हेल्मेटं घेऊन बेटावर गेले. एक रायडर फाटकावर तिरका आपटला आणि हेल्मेटमुळे वाचला. नंतर बेटावरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं गार्डनर यांना पत्र आलं, काहीसं नाराजीचं: टीटीनंतर दरवर्षी मेंदूला हादरा बसलेले अभ्यासण्याजोगे रुग्ण येत, यंदा एकही आला नाही.

हेल्मेटसक्ती म्हटलं की पुण्यातल्या कृती समित्या, मोर्चे आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ आठवतं. शंभर वर्षांपूर्वीच्या आयोजकांचं पहिलं उत्तरही ‘नको’ असंच होतं. त्यांना पटलं ते एका डॉक्टरने रुग्ण मोजले, वस्तू बनवून हातात दिली आणि ती घेऊन तो स्वतः मैदानात आला म्हणून. नुसत्या आदेशाने ते झालं नसतं.

आता त्याच वर्षीची दुसरी घटना. ज्युनियर, म्हणजे लहान इंजिनांच्या, शर्यतीत रॉयल एनफील्डवर फ्रेड वॉकर होता. पंक्चर आणि पडझडीतून सावरत त्याने तिसऱ्या क्रमांकाने शेवटची रेषा ओलांडली. त्या वर्षी शेवट डग्लसमधल्या ब्रे हिलच्या माथ्यावर होता. रेषा ओलांडून वॉकर थांबला नाही, तसाच पुढे गेला, आणि रस्ता अडवण्यासाठी लावलेल्या लाकडी अडथळ्यावर आदळला. काही दिवसांनी तो वारला. तिसरा क्रमांक त्याच्याच नावावर राहिला.

हेल्मेट सक्तीचं झालं त्याच वर्षी हे घडलं, म्हणून दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. हेल्मेटच्या बाबतीत कोणीतरी कारण नेमकं शोधलं आणि त्यावर उपाय केला. वॉकरच्या बाबतीत मारणारी वस्तू आयोजकांनीच, सुरक्षेसाठी म्हणून, रस्त्यात उभी केलेली होती. थकलेला, धुळीने डोळे भरलेला, शंभराहून अधिक मैल गाडी हाकून आलेला माणूस रेषेवर थांबेलच हे त्यांनी गृहीत धरलं होतं. तो थांबला नाही तर काय, याला व्यवस्थेत जागा नव्हती. ‘माणूस नियमाप्रमाणेच वागेल’ यावर उभी असलेली सुरक्षा अशीच असते. खुल्या रस्त्यावरचा सरावही त्याच गृहीतकावर उभा होता: रायडर डावीकडे राहील, गाडीवाला बाजूला होईल, दोघे एकमेकांना वेळेवर दिसतील.

त्या वर्षीची सीनियर शर्यत रजवरच्या सिरिल पुलिनने जिंकली. सरिज आणि बेटमन ज्या कंपनीकडून गेले, तिचा हा विजय. १९११ चा विजेता गॉडफ्री त्या शर्यतीत दुसऱ्या क्रमांकाचा वाटेकरी होता. १९१६ मध्ये तो युद्धात वैमानिक म्हणून मारला गेला.

वेग बदलला, व्यवस्था नाही

महायुद्धानंतर १९२० मध्ये टीटी पुन्हा सुरू झाली. शेवटची काही वळणं बदलली, आरंभरेषा ग्लेनक्रचरी रोडवर आली. पट्टा गेला, चेन आली. ठोकळ्याचे ब्रेक जाऊन ड्रम आले. रस्ता टप्प्याटप्प्याने पक्का होत गेला. १९२६ मध्ये जिमी सिम्पसनने एक फेरी ताशी ७० मैलांच्या वर काढली, ७०.४३ मैल म्हणजे ११३ किलोमीटरच्या सरासरीने. १९२७ ची सीनियर ॲलेक बेनेटने नॉर्टनवर ६८.४१ मैलांच्या सरासरीने जिंकली. गॉडफ्रीच्या ४७.६३ शी ताडून पाहा. सरासरी वेग जवळजवळ दीडपट झाला. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ब्रेकची पकड तेवढीच धरली तर ते दुपटीहून जास्त झालं. ब्रेक सुधारले होते हे खरं, पण टायर आणि रस्ता यांच्या पकडीपलीकडे कोणताच ब्रेक जात नाही.

दुसरीकडे, समोरून येणारी वस्तूही बदलली होती. १९११ मध्ये पहाटे भेटणारी गाडी बहुधा घोड्याची असे. १९२७ पर्यंत मालवाहू मोटारी आल्या. हिशेब सोपा आहे. रायडर ताशी ७० मैलांनी, म्हणजे सेकंदाला ३१ मीटर. व्हॅन २० मैलांनी, म्हणजे सेकंदाला ९ मीटर. दोघे समोरासमोर असतील तर एकमेकांकडे सेकंदाला ४० मीटरने येतात. वळणात कुंपणाआडून शंभर मीटरवर दिसलं असं धरा. हातात अडीच सेकंद. त्यातला जवळपास एक सेकंद ‘ही व्हॅन आहे’ हे उमजून हात-पाय हलायला जातो. उरलेल्या दीड सेकंदात झुकलेली मोटरसायकल सरळ करायची, ब्रेक लावायचा आणि अरुंद रस्त्यावर दगडी भिंत व व्हॅन यांच्यामधली फट शोधायची. हे कौशल्याचं काम राहत नाही. इथे जगात कोणालाही उभा करा, फट असेल तर वाचेल, नसेल तर नाही.

म्हणजे १९११ ची व्यवस्था १९११ च्या वेगाला जेमतेम पुरत असेल. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत वेग वाढत गेला आणि रस्ता खुला ठेवायचा जुना निर्णय पुन्हा कधी तपासला गेला नाही. धोका एका दिवसात आला असता तर दिसला असता. तो दरवर्षी मैल-दीड मैलाने वाढला.

इतका वेळ का लागला

पहिलं कारण बेटावरच्या माणसांच्या बाजूचं आहे, आणि ते मला खोटं वाटत नाही. हा मार्ग बेटाचा मुख्य रस्ता आहे. गावं त्याच्याच काठी आहेत. शर्यतीचे मोजके दिवस रस्ता बंद राहिला तर तो सणासारखा निभावता येतो. सरावाचे सगळे दिवस बंद म्हणजे दूधवाल्याने, मासळीवाल्याने, शेतकऱ्याने पहाटेचं काम कधी करायचं? मासळी थांबत नाही. टीटीमुळे बेटावर पाहुणे येत आणि पैसा येई; तरी तो दूधवाल्याच्या खिशात थेट पडत नसे. म्हणून तडजोड अशी झाली की सराव पहाटे करा, लोक उठायच्या आत उरका. तडजोड वाईट हेतूने झाली नव्हती. अडचण एवढीच की पहाटे उठणारे लोक नेमके तेच असतात ज्यांच्याकडे गाडी असते आणि जे ती भरून निघालेले असतात.

दुसरं कारण कागदावरचं. कायद्याने रस्ता बंद व्हायचा तो शर्यतीसाठी, आणि सराव म्हणजे शर्यत नव्हे. त्यामुळे सरावातला रायडर कायद्याच्या दृष्टीने रस्त्यावरून जाणारा एक साधा वाहनचालक ठरायचा. प्रत्यक्षात घड्याळ लावून, कारखान्याच्या पैशावर, शर्यतीच्याच गाडीवर तो शर्यतीच्या वेगाने जाई. तसं न गेल्यास सरावाला अर्थच नव्हता. सगळ्यांना हे ठाऊक होतं. वर्गवारीत मात्र सराव किरकोळ राहिला, आणि किरकोळ गोष्टीची जबाबदारी कोणावरच स्पष्टपणे नव्हती.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक मृत्यू सुटा समजावून सांगता येत होता. सरिज वळणात चुकला. बेटमन उतारावर पडला. वॉकर थांबला नाही. प्रत्येक वाक्यात कर्ता रायडर आहे. अशी वाक्यं एकापुढे एक ठेवली की त्यातून माणसांच्या चुकांची यादी तयार होते, व्यवस्थेचं चित्र तयार होत नाही. बर्किनच्या वेळी हे वाक्य जमेना. ‘बर्किनने व्हॅन चुकवली’ यात चूक कोणाची? त्याने करायला हवं तेच केलं. व्हॅनवाल्याने रस्ता वापरला. दोघांपैकी कोणावरही बोट ठेवता आलं नाही, तेव्हा बोट व्यवस्थेकडे वळलं. निर्णय पुढच्या टीटीच्या आत झाला याचं कारण मी इथे शोधतो.

बर्किन हा नॉटिंगहॅमच्या लेसच्या धंद्यातल्या श्रीमंत घराण्यातला. बेंटली मोटारींच्या शर्यतींनी पुढे नाव कमावलेला टिम बर्किन त्याचा भाऊ. घराण्याच्या वजनाने निर्णय झाला असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा मांडता येत नाही. ज्याच्या मृत्यूची बातमी मोठी होते त्याच्या मृत्यूचं कारणही लोक लक्ष देऊन वाचतात, एवढं मात्र कुठल्याही काळात खरं असतं.

आणि रायडर स्वतः का बोलले नाहीत? कारखान्याने गाडी दिलेली, नाव नोंदवलेलं, शेजारच्या गॅरेजात तीच जागा घ्यायला कोणीतरी टपलेला. अशा वेळी ‘रस्त्यावर गाड्या आहेत, मी जात नाही’ म्हणणं म्हणजे आपणहून बाहेर पडणं. शूरपणाची जी प्रतिमा फाउलरसारख्यांच्या गोष्टींनी तयार केली, तिचा तोटा असा झाला. धोका पत्करणाऱ्याचं धैर्य खरं होतं. त्या धैर्याच्या जोरावर व्यवस्थेला आपलं काम टाळता आलं.

१९२८ नंतर

सरावासाठी रस्ते बंद झाले. रेन्कलनचं ते वळण ‘बर्किन्स बेंड’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. या मार्गावर मेलेल्यांची नावं ठिकाणांना देण्याची रीत आहे. १९३७ मध्ये जर्मनीत मारल्या गेलेल्या जिमी गथ्रीचं स्मारकही डोंगरावर आहे. ही रीत मला आवडते. पण बर्किनच्या नावामागे एक व्हॅन आणि एक नियमही आहे, हे त्या वळणावरून जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल, अशी शंका येते.

रस्ता बंद झाल्यावर समोरून येणाऱ्या गाडीने मरण्याचा प्रकार संपला. बाकीचे प्रकार राहिले. १९३४ मध्ये सिड क्रॅबट्री डोंगरावरच्या धुक्यात गेला. १९३५ पासून मार्गावर फिरते मार्शल नेमले गेले, अनुभवी रायडर, मोटरसायकलवर, म्हणजे अपघाताच्या जागी लवकर पोहोचता यावं आणि रस्त्याची खबर मिळावी. १९३९ मध्ये बीएमडब्ल्यूचा कार्ल गाल सरावात बॅलॉ पुलावर पडला आणि पुढे वारला. रस्ता बंद होता, समोर कोणी नव्हतं. होता तो उंचवट्याचा पूल, ज्यावर गाडी हवेत उडते, आणि पलीकडे गावातली घरं.

हेल्मेटची गोष्टही बेटाबाहेर सावकाश सरकली. १९४१ मध्ये मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी युद्धातल्या मोटरसायकलवाल्यांच्या डोक्याच्या जखमांवर शोधनिबंध लिहिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये ही सक्ती १९७३ मध्ये आली. म्हणजे टीटीच्या रायडरांना १९१४ मध्ये मिळालेलं संरक्षण रस्त्यावरच्या माणसाला ५९ वर्षांनी मिळालं.

मार्गाच्या भिंती, खांब, घरं यांच्या प्रश्नाला मात्र १९२८ च्या निर्णयाने स्पर्शही केला नाही, आणि तो सुटण्यासारखाही नव्हता. ६० किलोमीटरच्या मार्गावर दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची तर बेटच हलवावं लागेल. १९७२ मध्ये गिल्बर्तो पार्लोत्ती १२५ सीसीच्या शर्यतीत पावसात डोंगरावर मेला. त्यानंतर जगज्जेत्या जाकोमो अगोस्टिनीने इथे पुन्हा न उतरण्याचं ठरवलं, इतर मोठे रायडरही दूर राहू लागले, आणि १९७६ नंतर टीटीचा जागतिक स्पर्धेचा दर्जा गेला. १९७७ पासून ब्रिटनची ग्रां प्री सिल्व्हरस्टोनच्या बंदिस्त ट्रॅकवर सुरू झाली. यावेळी रायडर बोलले, आणि त्यांच्या बोलण्याला वजन होतं, कारण ते जगज्जेते होते.

टीटी आजही त्याच डोंगराभोवती होते. सरावाच्या वेळी रस्ते बंद असतात. या मार्गावर आजवर २६० हून अधिक स्पर्धकांचा जीव गेला आहे, आणि त्यांतले बरेच जण सरावात गेले.